मुदत श्रावणात संपू दे

या खेपेला टपालाने आणि मोबाईलवर जी पत्रं आली त्यातली निम्मी एकाच निरोपाविषयी आहेत. ‘नवीन भाडे कायदा लागू! दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट नाही! मुदतीनंतर थांबल्यास चौपट भाडे!’ उद्गारचिन्हं मूळचीच. सावंतवाडीच्या मालकाला तो वाचून हुरूप आलाय, चिपळूणच्या भाडेकरूला घाम फुटलाय. म्हणून गडगा, पायवाट आणि सामाईक विहिरीची पत्रं पुढच्या अंकाला ढकलली आणि हे सदर भाड्याच्या घरांना दिलं. मी रत्नागिरीत वकिली करते. उत्तरं सर्वसाधारण आहेत. ती वाचून कोणी परस्पर दावा लावायला धावू नये, आधी आपले कागद कोणाला तरी दाखवावेत.

प्रश्न : आजोबांनी बाजारपेठेतल्या घराचा वरचा मजला १९७०च्या सुमारास एका कुटुंबाला राहायला दिला. मूळ भाडेकरू वारले, आता त्यांचा मुलगा राहतो. भाडं महिना साठ रुपये, ते तो वेळेवर पाठवतो. माझा मुलगा गोव्यातली नोकरी सोडून घरी येतोय, त्याला जागा हवी. ह्यो नवो कायदो इलो म्हणतत, मग आमचो भाडेकरू आता जातलो काय?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : जावचो नाय. निदान त्या निरोपाच्या जोरावर तरी नाही.

निरोपातला मजकूर कोणी मनाने रचलेला नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. दोन महिन्यांचं डिपॉझिट, चौपट भाडं, सगळं त्यातलंच. पण घरमालक-भाडेकरू हा विषय राज्यघटनेने राज्यांच्या यादीत घातला आहे. दिल्लीने नमुना दिला, कायदा करायचा तो राज्याने. तामिळनाडू, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश, आसाम यांनी त्या धर्तीचे कायदे केले. आपल्याकडे चालतो तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. आणि उद्या आपल्या विधिमंडळाने तो नमुना जसाच्या तसा उचलला तरी तुमच्या वरच्या मजल्याला त्याचा स्पर्श होत नाही, कारण तो पुढे होणाऱ्या करारांसाठी आहे. आधीपासून राहणाऱ्यांना तो लागू नाही. पागडीच्या चाळीत राहणारे तुमचे मुंबईचे नातेवाईक घाबरले असतील तर त्यांनाही हे कळवा.

तेव्हा आजच्या कायद्याने बोलू. मूळ भाडेकरू वारला म्हणजे घर मोकळं झालं असं होत नाही. मरणसमयी त्याच्याबरोबर राहणारा घरचा माणूस भाडेकरू म्हणून पुढे चालू राहतो. भाडं वेळेवर येत असेल, तर भाडं देणाऱ्याला हात लावायचा नाही असं कलम १५ सांगतं. थकवलं तरी आधी लेखी नोटीस, मग नव्वद दिवस थांबायचं, मग दावा. आणि समन्स मिळाल्यावरही नव्वद दिवसांत त्याने १५ टक्के सरळव्याजासह थकबाकी कोर्टात भरली आणि पुढे भरत राहिला तर तो वाचतो. महिना साठ रुपये पाठवणाऱ्याला या वाटेने काढायचं विसरा. (तुम्ही साठावरच का थांबलात हे मात्र मला कळलं नाही. २००० सालापासून वर्षाला चार टक्के वाढ कायद्यानेच दिलेली आहे. घेतली असतीत तर आज भाडं दीडशेच्या वर असतं. त्याने तुम्ही श्रीमंत झाला नसतात हे खरं, पण हक्काचं तेही सोडायचं कशाला?)

तुमची वाट कलम १६मधली. घरमालकाला स्वतःच्या राहण्यासाठी जागेची रास्त आणि खरी गरज असेल तर कोर्ट ताबा देऊ शकतं, आणि घरात राहणाऱ्या मुलाची गरज ही तुमचीच गरज धरली जाते. पण ती सिद्ध करावी लागते. मुलाच्या राजीनाम्याचा कागद, सावंतवाडीत तो काय करणार त्याची तयारी, तुमच्या ताब्यात आज किती खोल्या आणि त्यात माणसं किती, हे सगळं. मग कोर्ट बघतं की त्रास कोणाला जास्त होईल, घर न मिळाल्याने तुम्हाला की सोडावं लागल्याने त्याला. भाडेकरूने शहरात दुसरीकडे स्वतःचं घर बांधलं असेल तर त्याच्या घरपट्टीचा उतारा काढून ठेवा, त्या एका कागदाने बराच फरक पडतो. जिंकलात तर महिन्याभरात तिथे राहायला गेलं पाहिजे आणि वर्षभर ती जागा दुसऱ्या कोणाला देता येत नाही; दिलीत तर जुना भाडेकरू कोर्टात जाऊन ती परत मागू शकतो.

दावा कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या कोर्टात लागेल. किती वर्षं चालेल हे विचारू नका. त्याला काही रक्कम देऊन मिटत असेल तर मिटवा, पण लेखी मिटवा.

प्रश्न : आम्ही बोरिवलीला असतो. संगमेश्वर तालुक्यात वाडीत आमचं चिरेबंदी घर बंदच असतं. दोन वर्षांपूर्वी आरोग्य उपकेंद्राच्या नर्सबाईंना तोंडी बोलीवर दिलं, महिना अडीच हजार. बाई चांगल्या आहेत, घर झाडून-पुसून लख्ख ठेवतात. पण गणपतीत आम्ही अठरा माणसं उतरतो, तेव्हा घर लागतं. चुलते म्हणतात, घर तिला दिलंस, आता कूळ लागलं, गेलं समज. खरं का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : कोकणातल्या प्रत्येक घरात असे एक चुलते असतात, आणि त्यांची भीती अगदीच खोटी नसते. १९४८च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने इथल्या किती घरांच्या जमिनी गेल्या आणि किती घरांना मिळाल्या, ते दोन्हीकडची माणसं अजून विसरलेली नाहीत. पण तो कायदा शेतजमिनीचा. नुसतं राहायला दिलेल्या घराला कूळ लागत नाही. एकच सांभाळा, घरामागची चार कलमी झाडं आणि भाताचा कुणगा ‘तुम्हीच बघा, तुम्हीच खा’ म्हणून बाईंच्या हवाली करू नका. केलंत तर चुलत्यांचं बोलणं निम्मं खरं होण्याचा रस्ता उघडतो.

आता घराचं. भाडे नियंत्रण कायदा सगळ्या महाराष्ट्रात गावोगाव लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी क्षेत्रं दिली आहेत तिथे तो चालतो. वाडीतली बरीच घरं त्याबाहेर राहतात आणि तिथे १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा येतो. त्यात, लेखी काही ठरलेलं नसेल तर राहण्याचं भाडं महिन्यागणिक चालू आहे असं धरतात आणि ते संपवायला पंधरा दिवसांची लेखी नोटीस पुरते. सावंतवाडीच्या वाचकांनी हे वाचून उसासा टाकला असेल. पण पंधरा दिवसांनी भाडेपट्टा संपतो, बाई आपोआप जात नाहीत. नाही गेल्या तर कोर्टातच जावं लागतं. मधल्या काळात कुलूप बदलणं, कपाट पडवीत आणून ठेवणं असले प्रकार केलेत तर सहा महिन्यांच्या आत त्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६खाली दावा लावून ताबा परत मिळवू शकतात, आणि तिथे मालक कोण हा प्रश्न कोर्ट विचारतही नाही.

पण तुम्हाला बाईंना काढायचं नाहीये. तुम्हाला गणपती हवाय. मग भांडणाचं कलम शोधू नका, कागद करा. लिव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि तो नोंदवा. राज्याच्या भाडे कायद्याच्या कलम ५५ने घर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा असेल तर नोंदवायला नको, ही आपल्याकडची सर्वात आवडती दंतकथा. जिथे हे कलम लागू आहे तिथे न नोंदवणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमची वाडी परिशिष्टाबाहेर असली तरी नोंदवा. खर्च किती म्हणाल, तर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि नोंदणी फी ग्रामीण भागात पाचशे. अठरा माणसांच्या एका वेळच्या मोदकांच्या नारळांत भागतं.

करारात काय लिहायचं ते सांगते, कारण इथेच सगळे चुकतात. घर देताना ‘पूर्ण घर’ असं लिहू नका. माजघर, देवघर आणि ओटीवरची खोली तुमच्याकडे राखून ठेवा, नकाशा काढून तांबड्या पेनाने दाखवा. त्या तीन खोल्या तिला दिलेल्याच नसल्या म्हणजे दर भाद्रपदात तिच्याकडून त्या मागायचा प्रश्न येत नाही. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि विहीर त्या दिवसांत दोघांनी वापरायची तर तेही लिहा. शिमग्यात पालखी घरात येते, तेव्हा ओटी मोकळी हवी हेही लिहा. गावकऱ्यांसमोर उंबऱ्यावर वाद घालणं शोभत नाही. आणि मुदत श्रावणात संपू दे. पण श्रावण म्हणून लिहू नका, इंग्रजी तारीख लिहा. २०२५मध्ये गणपती २७ ऑगस्टला बसले, २०२६मध्ये अधिक मासामुळे थेट १४ सप्टेंबर. ‘गणपतीपूर्वी’ असा शब्द करारात वाचून न्यायाधीशांनी पंचांग मागवल्याचं मी ऐकलेलं नाही, पण विरुद्ध बाजूचा वकील मागवेल याची खात्री देते.

नव्या नमुन्याविषयी दोन शब्द इथेच, कारण तुमच्यासारख्या चाकरमान्यांना तो वाटतो तितका सोयीचा नाही. तो लागू झाला तर लेखी करार सक्तीचा, दोघांनी मिळून तो दोन महिन्यांत भाडे प्राधिकरणाला कळवायचा, प्राधिकरणाने सात कामकाजी दिवसांत त्याला क्रमांक द्यायचा. इथवर ठीक. पण मुदत चालू असताना भाडेकरूला काढायची कारणं त्यात मोजून दिली आहेत. लागोपाठ दोन महिने भाडं न देणं आणि नोटिशीनंतर महिन्याभरातही न भरणं, दुसऱ्याला परस्पर ताबा देणं, घराचा गैरवापर, परवानगीशिवाय बांधकामात फेरफार, घर मोकळं केल्याशिवाय होणार नाही अशी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, वगैरे. ‘मलाच राहायला हवंय’ हे कारण त्या यादीत मला दिसत नाही. मालक वारला तर त्याच्या वारसांना खरी गरज दाखवून मागता येतं. जिवंत मालकाने मुदत संपायची वाट बघायची. मला हे पटतं. मुदत तुम्हीच लिहिली होती, मग मध्येच मुलाचं लग्न ठरलं म्हणून नर्सबाईंनी रजेवर जावं का? पण म्हणूनच तीन-तीन वर्षांचे करार करण्याआधी घरात विचारा. उद्या तो कायदा आला तर घर कधी सुटणार हे घर देतानाच ठरून जाईल, नंतरच्या नोटिशीने नाही.

प्रश्न : रत्नागिरी शहरातला माझा फ्लॅट नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर दिला होता. मुदत संपून पाच महिने झाले. ‘दुसरीकडे मिळेना, बघतो’ असं म्हणत ते राहतायत. भाडं मात्र दर महिन्याला माझ्या खात्यात जमा करतात, मी नाही म्हटलेलं नाही. आता काय?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्याकडे नोंदलेला करार आहे, म्हणजे या महिन्याच्या पत्रलेखकांत तुम्ही सर्वात सुखी. राज्याच्या भाडे कायद्याच्या कलम २४खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. त्या कलमात लेखी कराराला त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानलं आहे. राहणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन ‘मला लढायची परवानगी द्या’ असं मागावं लागतं. ते नाही केलं तर तुमचं म्हणणं त्याने मान्य केलं असं धरून आदेश होतो. शिवाय मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई त्याने द्यायची आहे. नव्या नमुन्यात हीच गोष्ट वाढवली आहे, पहिले दोन महिने दुप्पट, पुढे ताबा मिळेपर्यंत चौपट. व्हॉट्सअॅपवरचं चौपट ते हे.

चौपटीबद्दल मला फारसा उत्साह नाही. बँकेतला माणूस, शिक्षक, कंपनीचा इंजिनिअर चौपटीचं नाव ऐकून घर सोडेल, पण तो दुपटीनेही सोडतो. मिरकरवाडा बंदरावर पगार घेणाऱ्या खलाशाकडून चौपट वसूल करायला कोण जाणार? कागदावर आकडा चढत राहील एवढंच. मालकाला खरी गरज असते ती लवकर निकालाची. नमुन्यात भाडे न्यायालयांना दिवसांची मर्यादा घातली आहे खरी, पण ती पाळायला न्यायाधीश आणि कारकून नेमावे लागतात, त्याला पैसा लागतो.

तुमच्या खात्यातल्या पाच महिन्यांच्या रकमेचं आजच निस्तरा. एक पत्र पाठवा, स्पीड पोस्टाने: मुदत अमुक तारखेला संपली, करार वाढवलेला नाही, जमा होणारी रक्कम आपण भाडं म्हणून नाही तर वापराच्या भरपाईपोटी, हक्क राखून ठेवून घेत आहोत. हे न लिहिता घेत राहिलात तर उद्या समोरचा म्हणेल की तोंडी मुदतवाढ झाली होती. आणि एवढं सगळं करण्याआधी एकदा जाऊन त्यांना विचारा की दहावीच्या परीक्षेचं मूल आहे का घरात. असेल तर मार्चपर्यंतची लेखी मुदतवाढ देऊन नोंदवून टाका, प्राधिकाऱ्याकडच्या तारखांपेक्षा ते लवकर संपेल.

प्रश्न : चिपळूणला नोकरीनिमित्त भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार स्टँपपेपरवर नोटरी केलाय, नोंदणी नाही. डिपॉझिट सहा महिन्यांचं घेतलं. अजून चार महिने बाकी असताना मालक म्हणतात आठ दिवसांत खाली करा, त्यांना जास्त भाडं देणारा मिळालाय. परवा टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. आमचं घर तळमजल्यावर, २०२१च्या पुरात इथे छातीभर पाणी होतं म्हणतात. तसं परत झालं तर भाड्याचं काय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी पाणी. मालक कितीही चिडलेला असो, पाणी-वीज तोडून माणूस बाहेर काढणं हा कायदेशीर मार्ग नाही. पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा, बंद व्हॉल्व्हचा तारखेसह फोटो ठेवा, आणि दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागा. तातडीचं काम म्हणून लवकर ऐकतात.

करार नोंदला नाही याची काळजी तुम्ही करू नका, मालकाने करावी. भाडे कायद्याच्या वर सांगितलेल्या कलम ५५मध्ये पुढे लिहिलंय की नोंदलेला लेखी करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. ही ओळ तुमच्या मालकाला शांतपणे वाचून दाखवा. माझ्या अनुभवात व्हॉल्व्ह उघडायला ती बऱ्याचदा पुरते. मात्र तुमच्याच करारात ‘एक महिन्याची नोटीस देऊन कोणीही करार संपवू शकेल’ असं वाक्य आहे का ते पाहा. बहुतेक छापील नमुन्यांत असतं आणि सही करताना कोणी वाचत नाही. असेल तर चार महिन्यांचा हट्ट धरू नका, महिन्याची लेखी नोटीस मागा. आठ दिवस कुठल्याच हिशेबात बसत नाहीत.

डिपॉझिटवर आज आपल्याकडे मर्यादा नाही. नमुन्यात ती राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे, आणि ताबा परत घेतानाच देणी वजा करून रक्कम परत द्यायची आहे. ही तरतूद आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. सहा महिन्यांचं डिपॉझिट अडकलेला माणूस कायद्याने कितीही भक्कम असला तरी मालकाशी हळूच बोलतो.

पुराचं विचारलंत ते बरं केलंत, कारण नमुन्यातला हा भाग कोणी वाचतच नाही. मंत्रिमंडळाने तो मंजूर केल्यावर दोन महिनेही झाले नव्हते, तोच २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी तुमच्या शहरात शिरलं. नमुना म्हणतो, पूर, वादळ, भूकंप अशा आपत्तीत करार संपला तरी आपत्ती ओसरल्यापासून एक महिना भाडेकरूला त्याच अटींवर राहू द्यावं. आणि घर राहण्याजोगं उरलं नाही तर ते पुन्हा राहण्याजोगं होईपर्यंत मालकाने भाडं घ्यायचं नाही. आजच्या कायद्यात याच्या जवळ जाणारं कलम मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे: आग, वादळ, पूर यांनी घर कायमचं निकामी झालं तर भाडेपट्टा रद्द मानण्याचा हक्क भाडेकरूला. पण चिपळूणची घरं कायमची निकामी झाली नव्हती. चिखल काढून, भिंती वाळवून ती दोन-तीन महिन्यांनी उभी राहिली, आणि त्या दोन-तीन महिन्यांच्या भाड्यावर जुना कायदा काही बोलत नाही. तुमच्या पुढच्या करारात हे वाक्य तुम्हीच घाला. तळमजल्याचा मालक नाही म्हणणार नाही. म्हणाला तर घर बदला.

प्रश्न : गुहागरला आमचं निवास-न्याहारीचं घर आहे. पुण्याचे एक गृहस्थ लिखाणासाठी येतात, यंदा सलग चार महिने राहिले. ते भाडेकरू ठरतील का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. रोजाच्या दराने, खानपानासह, तुमच्या नोंदवहीत नाव लिहून राहतात तोवर ते पाहुणे. नव्या नमुन्यातही हॉटेल, लॉज यांना वगळलंय. फक्त खोलीची वेगळी किल्ली देऊन ‘महिन्याचे एकदम द्या’ असा व्यवहार सुरू करू नका.

प्रश्न : मुलगी इंग्लंडला लेस्टरमध्ये नर्स आहे, खाजगी मालकाचं घर भाड्याने घेतलंय. तिकडेही भाड्याचा कायदा बदलला म्हणते. आमच्या जिवाला घोर. तिला रस्त्यावर तर काढणार नाहीत?
— एक आई, दापोली

उत्तर : तुमच्या लेकीसाठी बदल बरा आहे. तिकडे १९८८च्या गृहनिर्माण कायद्यातल्या कलम २१ने मालक काहीही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर मागू शकत असे. भाडेकरू हक्क कायद्याला २७ ऑक्टोबर २०२५ रोजी राजमान्यता मिळाली आणि कलम २१ रद्द होण्यासाठी १ मे २०२६ ही तारीख ठरली. त्यानंतर मालकाला कायद्यात दिलेलं कारण दाखवावं लागतं. घर विकायचंय किंवा स्वतः राहायचंय असं असेल तर चार महिन्यांची नोटीस, आणि तीही भाडं सुरू झाल्यापासून पहिल्या वर्षात लागू होत नाही. ठरावीक मुदतीचे करार जाऊन भाडं महिन्यागणिक चालतं. तिला सोडायचं असेल तर तिने दोन महिने आधी कळवायचं.

गंमत बघा. तिकडे मुदत काढून टाकून कारण मागतायत, आपल्या नमुन्यात मुदतीलाच सगळी ताकद दिली आहे. मला विचाराल तर इंग्लंडची रीत भाडेकरूला जास्त जपते, पण आपल्याकडे ती आणली तर कोकणातली आज बंद असलेली घरं आणखी घट्ट बंद होतील. मालकाला घर परत येण्याची तारीख दिसली तरच तो किल्ली देतो. तिला सांगा, नोटीस आली तर सही करण्याआधी तिथल्या सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेकडे जा, सल्ला फुकट असतो.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग. बागेतल्या मांगरात (खोपटात) नेपाळी राखणदार बायको-मुलांसह बरीच वर्षं राहतोय. मुलं गावच्या शाळेत, आधारकार्डावर पत्ता आमच्या बागेचा. आता बाग विकायची आहे. घेणारा म्हणतो आधी मांगर मोकळा करा. राखणदाराचा हक्क लागला का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : राखणदार म्हणून ठेवला असेल तर नाही. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट सांगितलं की राखणदार, नोकर किंवा घर सांभाळणारा माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला त्या मालमत्तेत हक्क मिळत नाही. तो मालकाच्या वतीने ताबा धरून असतो आणि मागितल्यावर त्याने तो द्यायचा असतो. आधारकार्ड पत्त्याचा पुरावा आहे, मालकीचा किंवा भाडेपट्ट्याचा नाही.

पण तो राखणदार होता हे दाखवायला तुमच्याकडे काय आहे? पगार रोख दिला असेल तर सही नाही. मांगरापोटी पगारातून काही कापत होतात का? असाल तर त्याला भाडं म्हणायची संधी तुम्हीच दिली. बागेचा काही हिस्सा त्याला खंडाने दिला होता का? दिला असेल तर हे उत्तर तुम्हाला लागू नाही, सातबाऱ्याचे उतारे घेऊन वकिलाकडे बसा.

यातलं काही नसेल तर घाई करू नका. आंबा मे अखेरीस उतरतो, शाळा एप्रिल-मेमध्ये संपते, ७ जूनपासून पाऊस. बाग विकणाऱ्याला आणि मांगर सोडणाऱ्याला दोघांनाही परवडणारे दिवस म्हणजे मेचा शेवटचा आठवडा. त्याच्याशी बसून बोला, सुटण्याची रक्कम ठरवा, आणि मांगर सोडताना एका कागदावर लिहून घ्या: अमुक सालापासून आपण पगारी राखणदार म्हणून राहत होतो, सर्व पगार आणि ठरलेली रक्कम मिळाली, आज मांगराचा ताबा मालकाला दिला. रक्कम चेकने द्या किंवा खात्यात भरा. कागद त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवा, हिंदीत किंवा नेपाळीत, आणि वाचून दाखवल्याचं खाली लिहा. साक्षीदार दोन घ्या, त्यातला एक तुमच्या घरचा नको.